साडेतीन इंचांची चोरी

बुंगोमा शहरात खाएम्बा मामांच्या तोडीचा गुप्तहेर नव्हता, असं स्वतः खाएम्बा मामांचं ठाम मत होतं. गुन्हेगाराला घाम फुटायच्या आधी आपल्याला त्याचा वास येतो, असं ते सांगत. साखर कारखान्याच्या फाटकावर त्यांनी उभी हयात इतरांचे डबे हुंगण्यात घालवली होती. एवढ्या वर्षांत एकदाच बुटात लपवलेली साखर सापडली, आणि ते बूट मामांचेच निघाले. त्या प्रकरणाचा तपास अजून चालू आहे, असं ते गंभीरपणे म्हणत.

अशा माणसाची भाची होणं नाखुमिचाच्या नशिबी आलं होतं. मामा आले की तिला त्यांची मदतनीसही व्हावं लागे. टेप धर, दिवा धर, चहा आण.

त्या दिवशी तर तिला मरायलाही फुरसत नव्हती. ती घरांचे नकाशे काढायची. किटालेच्या एका ठेकेदाराने नमुन्यादाखल एक नकाशा संध्याकाळपर्यंत मागितला होता. पसंत पडला तर कायमचं काम. तिच्या जुन्या लॅपटॉपचा अर्धा पडदा काळा पडला होता, म्हणून घरात सगळ्यांत मिळून एक मॉनिटर घ्यायचं ठरलं होतं. त्यावरून बरेच दिवस जुंपली. वडिलांना सोफ्यावर लोळून फुटबॉल दिसायला हवा, म्हणून पडदा मोठा हवा. नाखुमिचाला भिंतींच्या बारीक रेषा जवळून दिसायला हव्यात, म्हणून रेझोल्यूशन जास्त हवं, म्हणजे पडद्यावरचे ठिपके दाट. शेवटी सत्तावीस इंची, दाट ठिपक्यांचा, यावर तह झाला.

आई रोझबेलाला ठिपक्यांशी देणंघेणं नव्हतं. तिच्या बैठकीत कुठल्याही वस्तूने उघड्या अंगाने बसायचं नाही, एवढाच तिचा कायदा. सोफ्याला, रेडिओला, पाण्याच्या भांड्यालाही क्रोशाचं वस्त्र होतं. तिच्या भिशीच्या बायका दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून मॉनिटर घरात यायच्या आधीच तिने त्याचं वस्त्र विणून टाकलं होतं. मॉनिटर सत्तावीस इंची, म्हणून वस्त्रही सत्तावीस इंच रुंद.

मॉनिटर आला, वस्त्र चढवलं, आणि ते दोन्ही बाजूंनी लोंबलं, थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसं. मामांनी टेप लावली. रुंदी भरली साडेतेवीस.

"साडेतीन इंच चोरीला गेलेत," मामा म्हणाले, आणि त्यांनी पुरावा म्हणून मॉनिटरला चारी बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली. मग ते मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यावर बैठक मारून बसले. खोकंही पुरावाच होतं, त्याला कुणी हात लावायचा नव्हता. नाखुमिचा चक्रावली. दुकानात तिने ठिपके नीट पारखले होते. इंचांचं मी बघतो, असं मामा म्हणाले होते, आणि ती त्यात पडली नव्हती. आता तिला स्वतःचाच राग येत होता.

पहिला संशयित मकोखा. मोटरसायकलवर खोकं बांधून त्यानेच ते घरी आणलं होतं. त्याला नाक्यावर बोलावणं गेलं.

"वाटेत थांबला होतास?" मामांनी विचारलं.

"पेट्रोल भरायला."

"किती वेळ?"

"पेट्रोल भरेपर्यंत, बाबा."

"तेवढ्यात कापलास. कशाने कापलास?"

"माझ्याकडे नखं कापायलासुद्धा काही नाही," मकोखा म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. नखं खरोखरच वाढलेली होती. मामांनी ती बारकाईने पाहिली आणि हा माणूस नको तितक्या तयारीने आलाय, असा शेरा मारला.

मग त्यांनी दुकानदारावर कडा तासल्याचा ठपका ठेवला. मग वाटेतल्या पावसाने मॉनिटर आक्रसल्याचा शोध लागला. तो कोरडा ठणठणीत होता, तर मामा म्हणाले की आक्रसताना पाणी आत शोषलं गेलं. अखेर त्यांचं लक्ष ठिपक्यांकडे गेलं. इतके ठिपके दाटीवाटीने कोंबले तर पडदा आत ओढला जाणारच. सुकुमाच्या पालेभाजीची जुडी पातेलंभर असते, शिजली की वाटीभर होते. उपाय सोपा होता. हा परत करायचा आणि बत्तीस इंची, विरळ ठिपक्यांचा आणायचा. वडिलांना हे शास्त्र एका क्षणात पटलं, कारण त्या संध्याकाळी सामना होता.

विरळ ठिपक्यांच्या त्या फळकुटावर नाखुमिचाच्या रेषा पायऱ्यापायऱ्यांच्या, तुटक दिसल्या असत्या. शिवाय तो येईपर्यंत संध्याकाळ उलटून गेली असती.

"मामा, हा गेला तर माझं काम गेलं," ती म्हणाली.

"न्यायाला वेळ लागतो, पोरी," मामा म्हणाले.

इतक्यात आई अंगावरच्या कापडाच्या झोळीत कोंबडीची पिल्लं घेऊन आत आली. बाहेर पाऊस लागला होता आणि तिला पिल्लांसाठी खोकं हवं होतं.

"दादा, ऊठ."

"मी पुराव्यावर बसलोय."

"बसून चेपलास की तो. ऊठ म्हणते ना."

धाकट्या बहिणीपुढे गुप्तहेराचं काही चाललं नाही. आईने खोकं उचललं आणि तिथेच थबकली. ज्या बाजूवर मामा बसले होते तिथे मॉनिटरचं चित्र होतं. त्यात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक तिरकी रेघ गेली होती, आणि रेघेवर सत्तावीस लिहिलं होतं.

नाखुमिचाने टेप ओढून घेतली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लावली. सत्तावीस. ना कमी, ना जास्त.

"तिरकं मोजतात होय," मकोखा म्हणाला. "मग मी जाऊ?"

मामांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. खोकं आधी कोण हलवतं तेवढंच ते पाहत होते. रोझबेलावर आता त्यांचा दाट संशय होता. आई वस्त्राचे टाके उसवत बसली.

नाखुमिचाने चिकटपट्टी सोलली आणि कामाला भिडली. मामा खुर्चीमागे उभे राहिले. ही भिंत वाकडी आहे, संडास संशयास्पद जागी आहे, या खिडकीतून चोर येईल, असं त्यांचं चालूच राहिलं. दात-ओठ खात तिने नकाशा पुरा केला आणि दिवेलागणीच्या आत पाठवला.

ठेकेदाराचा फोन आला. रेषा स्वच्छ आहेत, मापं बरोबर आहेत, असं तो म्हणाला. "पण कामाच्या खोलीच्या दाराला आतून दोन कड्या कशाला?"

"घरात पाहुणे असतात," ती म्हणाली.

"काम तुझं," ठेकेदार म्हणाला. "पण आधी माझ्या घराला तसं दार काढून दे. मेव्हणा येऊन राहिलाय, जायचं नावच घेत नाही."