रायाजीराजांच्या दोन दातांची हकिकत

श्रीएकदंतास दंडवत, ज्याने एका दातावर त्रैलोक्य सांभाळिले, त्याने ही लेखणीही सांभाळावी. शके अठराशे सत्याऐंशी, विश्वावसुनाम संवत्सरी, राजे रायाजीराव यांचे पुढले दोन दात पडिले आणि राज्यात मोठा खेद जाहला. कारण, बागेतील पेरूस राजांनी प्रथम दात लावावा आणि गोड निघाल्यास राणी गोदूबाईसाहेबांस द्यावा, हा तीस वर्षांचा शिरस्ता मोडिला. राजे पडद्याआड एकटे जेवू लागले आणि राणीसाहेबांनी पेरूच टाकिला, आम्हांस पाहवेना. मग शिंपल्याचे दात बसविले ते निसटले, हस्तिदंताचे सोन्याच्या तारेने बांधिले ते डुलू लागले. मग दंतवैद्य विसाजीपंत येऊन वर्तमान सांगते जाहले की, उत्तरेकडील थंड मुलुखात एका वैद्याने सशाच्या हाडात टायटॅनियम धातूची नळी बसविली आणि काढू जाता हाड सोडीना. धातूस आपला म्हणोन धरिले. ऐकोन राजे संतोष पावले, जबड्यात दोन खिळे बसले आणि त्यांवर दात चढले. परंतु नवा चाकर रुजू होताच त्याच दिवशी कामास लावणे ही दरबारची रीत! पंत नको नको म्हणत असता तोफ उडाली, राजांनी ऊस सोलिला आणि तिसरे दिवशी खिळे ढिले पडिले. अक्कल गहाण ती अशी.

मग जखम भरू दिली, नवे खिळे बसविले आणि पंतांनी बजाविले की हाड धरीतोवर चार मास केवळ पेज. राजे खिन्न जाहले. तेव्हा राणीसाहेब पडदा सारून शेजारी बसल्या आणि बोलिल्या, "स्वारी पेज घेईल, तर आम्हीही पेजच घेऊ." आणि चार मास दोघे एका ताटात पेज जेविली.

मग हाडाने खिळे धरिले, नवे दात चढले आणि राजांनी पेरूस दात लाविला. कचकन आवाज जाहला, बाग हसली. राजांनी पेरू पुढे केला, राणीसाहेब घेईनात. मग पदराआडून हळूच बोलिल्या, "चार मास लपविले. आमचेच पुढले दात हलतात."

 राजे पेरूचा मऊ गर दातांनी तोडून त्यांच्या हाती देत बोलिले, "दोन आहेत. दोघांस पुरतील."

एवंच दात दोन, तोंडे दोन, पेरू एक; तो गोड निघाला. इति.