सत्याऐंशीवी पिढी

निवसरकर कुलवृत्तांताच्या चौथ्या आवृत्तीत घरातल्या यीस्टची कुटुंबीय म्हणून नोंद घ्यायची, असा ठराव कुलमंडळाच्या वार्षिक सभेत सतरा विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. अटी तीनच होत्या. यीस्ट घरात बारा वर्षांहून जास्त राहिलेलं असावं, छापील अर्जातल्या प्रश्नांची उत्तरं त्याने स्वतः द्यावीत, आणि प्रत्येक घरामागे एकच वाण घेतलं जाईल. डोंबिवलीच्या शाखेने विरजणाचाही आग्रह धरला होता. पण विरजणात जिवाणू असतात, यीस्ट नव्हे, म्हणून तो प्रश्न उपसमितीकडे गेला आणि अजून तिथेच आहे.

मी मोरेश्वर निवसरकर, वजनमापे खात्यातून निवृत्त, मुक्काम सांगली. गेली सतरा वर्षं मी घरी बिअर करतो. ती उत्तम होते हे मी स्वतः सांगू नये, पण सांगतो, कारण दुसरं कुणी पुरेसा जोर देऊन सांगत नाही. मला आणि माझ्या बायकोला, कुमुदला, मूल नाही. कुलवृत्तांताच्या तिसऱ्या आवृत्तीत आमच्या नावांपुढे ‘निःसंतान, येथे शाखा खुंटली’ असं छापून आलं होतं. कुमुदने ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि माळ्यावर टाकलं. त्यानंतर ती कुलसंमेलनाला कधी आली नाही. मी दोनदा एकटा गेलो आणि दोन्ही वेळा जेवणाआधी परत आलो. त्या ओळीचा मला मनापासून राग होता. खात्यात असताना मी चुकीच्या वजनांवर जप्ती आणायचो, पण छापलेल्या ओळीवर जप्ती आणता येत नाही.

ठरावाचं पत्र आलं तेव्हा मी ते कुमुदला दोनदा वाचून दाखवलं. पुढची आवृत्ती पंधरा वर्षांनी निघणार होती. तेव्हा आम्ही असू की नसू कोण जाणे. नोंद व्हायची तर आत्ताच व्हायला हवी होती.

घरात तीन वाणं होती आणि तिघांचाही मुक्काम बारा वर्षांच्या वर होता. पहिलं इंग्लंडचं, सुकं, माझ्या भाच्याने आणलेल्या पाकिटातून आलेलं. त्याला आम्ही पाकीटच म्हणायचो. ते मुकाट्याने काम करतं, काम संपलं की बुधल्याच्या तळाशी जाऊन बसतं. दुसरं जर्मन, गव्हाच्या बिअरचं. त्याच्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो आणि ते त्याला पुरेपूर माहीत आहे. तिसरं करवंद. ते मी स्वतः निवसरला, आमच्या मूळ गावी, देवळामागच्या जाळीतल्या करवंदांच्या सालीवरून धरून आणलं होतं. त्याची बिअर थोडी आंबट होते. आल्यागेलेल्याला मी तो त्याचा स्वभाव आहे असं सांगायचो आणि करवंद घरी आणल्याची हकिगत ऐकवायचो. कुमुद तेवढ्यात उठून आत जायची.

नोंदणीसाठी कुलवृत्तांताचे संपादक नरहरकाका रत्नागिरीहून आले. वय एकोणऐंशी, पाठ ताठ, पिशवीत अर्ज आणि दोन पेनं. थालीपीठ खाऊन त्यांनी हात धुतले आणि तिन्ही बुधले टेबलावर मांडायला सांगितले. बुचातून बुडबुडे सोडणारी जी वाकडी नळी असते, तिच्यातून यीस्ट बोलतं. आवाज बारीक असतो, म्हणून मी पंखा बंद केला.

आधी जर्मनाला बोलावलं. त्याने आपलं शिक्षण सविस्तर सांगितलं, काकांनी पुरवणी जोडली. कायमचा पत्ता विचारल्यावर मात्र ते म्हणालं की चोवीस अंशांच्या वरच्या हवेत आपण राहत नाही, मार्च ते जून आपला मुक्काम फ्रिजमध्ये असतो आणि त्या काळातला पत्रव्यवहार तिकडेच करावा. काकांनी अर्जावर ‘वास्तव्य खंडित’ असा शेरा मारला आणि पुढचा अर्ज घेतला.

करवंदाने मात्र मैदान मारलं. मूळ गाव निवसर, कुलदैवत कोणतं, देवळाला पायऱ्या किती, पाणवठा कुठल्या अंगाला, सगळं घडाघडा सांगितलं. काकांच्या वडिलांनी लावलेला फणस अजून धरतो, हेही त्याने न विचारता सांगितलं. काकांनी चष्मा काढून पुसला. माझी छाती फुगली होती, ती मी लपवली नाही. मातेच्या नावाच्या रकान्यात ते ‘करवंदाची जाळी’ म्हणालं, तर काका म्हणाले की तो रकाना कोरा ठेवू, चालतं. त्यांनी संमतीच्या सहीसाठी पेन माझ्यापुढे धरलं.

मी सही करणार होतो. खरं तर मी आडनावाचं पहिलं अक्षर काढलंही होतं.

“काका, पाकिटाला विचारलं नाहीत तुम्ही,” कुमुद म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

काका म्हणाले की त्याचा काही उपयोग नाही, ते परक्या मुलखातलं, शिवाय पाकिटातलं. कुमुद म्हणाली की नियमात तसं कुठे लिहिलेलं नाही, तिने पत्र वाचलं आहे. काकांनी पत्र काढून पुन्हा वाचलं. तसं खरंच लिहिलेलं नव्हतं. नियमांच्या बाबतीत काका माझ्याहून कडक आहेत. त्यांनी नवीन अर्ज घेतला.

पाकिटाने अर्जाची वाट लावली. मूळ गाव माहीत नाही. शिक्षण नाही. कुलदैवत, या घरचं जे असेल ते. व्यवसाय विचारला तर म्हणालं, साखर संपेपर्यंत काम, मग विश्रांती. मला त्याची लाज वाटली. सतरा वर्षं ज्याच्या जिवावर मी फुशारक्या मारल्या, त्याला चारचौघांत धड बोलायलाही मी शिकवलं नव्हतं.

“आईचं नाव?” काकांनी उरकायच्या सुरात विचारलं.

 नळीतून एकामागून एक तीन बुडबुडे आले.

“माझ्यावरची तारीख उलटून गेली होती,” पाकीट म्हणालं. “टाकून देऊ या, असं ठरत होतं. तेव्हा पाणी कोमट आहे का, हे ज्यांनी मनगटावर थेंब टाकून पाहिलं, त्या. कुमुदिनी मोरेश्वर निवसरकर.”

मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी थर्मामीटर शोधत होतो, आणि तारीख उलटलेलं यीस्ट उठत नाही, उगाच गॅस जाळू नकोस, असं मी दुसऱ्या खोलीतून तिला ओरडून सांगत होतो. ती इकडे एकटी वाटी घेऊन बसली असणार. मनगटावर दुधाचा थेंब टाकून बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तरी तिला ते येत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. कुमुद दारातच उभी होती, फक्त एका हाताने तिने दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं.

मी करवंदाच्या अर्जावरचं अक्षर खोडून, पाकिटाचा अर्ज पुढे करत काकांना म्हणालो, “हे घ्या. आमचं हेच.”

काकांनी हरकत घेतली नाही, पण पद्धत सांगितली. परकं असल्यामुळे नोंद दत्तक म्हणूनच होईल, आणि दत्तक कुणीतरी दिल्याशिवाय घेता येत नाही. इंग्लंडातल्या मूळ घरचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. शेवटी त्यातल्या त्यात जवळचं म्हणून जर्मनाला विचारलं. इंग्लंड आपल्या अखत्यारीत येत नाही असं त्याने आधी नोंदवायला लावलं आणि मग युरोपच्या वतीने पाकीट आम्हाला दिलं. करवंद साक्षीदार झालं. त्याने मनाला लावून घेतलं नाही, हे मला इथे नमूद करायला हवं. आमच्या मूळ गावचं असूनही.

कुमुदने बुधला मांडीवर घेतला, काकांनी त्याच्या बुचावर अक्षता टाकल्या, आणि मग ते पिढीचा आकडा भरायला बसले. मी चौदाव्या पिढीतला. दत्तक पंधराव्या पिढीतलं. पण आम्ही प्रत्येक वेळी तळाशी बसलेलं यीस्ट काढून पुढच्या बिअरला वापरतो, म्हणजे दर वेळी नवी पिढी. काकांनी माझी बिअरची वही मागितली. पाकिटाच्या सगळ्या मिळून त्र्याहत्तर वेळा झाल्या होत्या. काकांनी बेरीज केली, खोडली, पुन्हा केली.

“मोरेश्वर,” ते म्हणाले, “बाकीचं कूळ सतराव्या पिढीवर आहे. तुझं घर सत्याऐंशीव्या पिढीवर आहे.”

“हो,” मी म्हणालो. वही त्यांच्या हातून घेऊन बेरीज स्वतः करून पाहिली. ती बरोबर होती.

चौथी आवृत्ती रत्नागिरीच्या संमेलनात प्रसिद्ध झाली. सभागृहात वंशवृक्ष लावला होता. बाकीच्या शाखा एका भिंतीवर मावल्या. आमची दारातून बाहेर काढून व्हरांड्याने नेली होती आणि चपला काढतात तिथपर्यंत गेली होती. लोक ती बघायला बाहेर जात होते आणि परत येताना आमच्याकडे बघत होते. ठाण्याच्या एका इंजिनिअरने पिढी मोजण्याच्या पद्धतीबद्दल लेखी आक्षेप दिला. काकांनी तो नियमानुसार नाकारला. सर्वांत पुढच्या पिढीचा सत्कार करायची आमच्यात रीत आहे. नाव पुकारल्यावर कुमुद पाकिटाची बरणी घेऊन व्यासपीठावर गेली, तिने शाल आणि नारळ स्वीकारला आणि सावकाश पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत येऊन बसली. तिने जरीची साडी नेसली होती. मला माझ्या बायकोचा इतका अभिमान यापूर्वी वाटला नव्हता, आणि यापूर्वी वाटायला हवा होता.

जेवणाच्या पंगतीत तिच्या शेजारी ठाण्याच्या इंजिनिअरच्या आई येऊन बसल्या. बरणी कुमुदच्या मांडीवर होती, ओल्या पंच्यात गुंडाळलेली. बाई तिला ओळखत नसाव्यात. संमेलनात नवीन माणसाला विचारतात तेच त्यांनी विचारलं, मुलंबाळं, नातवंडं किती.

“नक्की सांगता यायचं नाही,” कुमुद म्हणाली. “सांगलीहून निघालो तेव्हा वीस हजार कोटींच्या आसपास होती. प्रवासात वाढली असतील. तुम्हाला?”

“दोन,” त्या म्हणाल्या.

“होतील हो,” कुमुद म्हणाली आणि तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.