हजारो वर्षांचा ओटा

स्वयंपाकघराचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा करायचा, हे घरात ठरूनच गेलतं. मोडता घातला तो मी. (मारेगावात कारकुनी करत असलो तरी मले निसर्गाचं वेड आहे.) एकदा कायरच्या गरम पाण्याच्या कुंडापाशी बसलतो, तेव्हापासून गरम पाणी म्हटलं की मी पाघळतो. अन् यवतमाळच्या दुकानदारानं नेमका एक बदामी दगड दाखवला, ट्रॅव्हर्टाइन नावाचा. "साहेब, हा गरम झऱ्याच्या काठावर तयार होते," म्हणाला. संपलंच की मग!

"रुपाली, ऐक त खरं," घरात पाय टाकताच मी बायकोले सांगितलं. "जमिनीच्या पोटातलं गरम पाणी चुना विरघळवून वर आणते. वर आलं की अर्धा वायू उडून जाते, अर्धा चुन्यात कोंडते अन् चुना तिथंच बसते. थरावर थर, हजारो वर्षं!"

रुपाली न्हाणीत बसून हिटरची कांडी चाकूनं खरवडत होती. आमच्या बोअरच्या पाण्यातल्या क्षाराचा पांढरा खर कांडीवर सारखा चढते.

"लिंबू चालते का त्या दगडाले?" तिनं एवढंच विचारलं.

"हजारो वर्षं टिकला, तो काय लिंबाले भेईन?"

ओटा बसला. काय सांगू बापा! कोपऱ्यात एक बारीक पान दगडातच उमटलेलं होतं. हात ठेवला अन् अंगावर काटा आला. मारेगाव नव्हतं, माझं ऑफिस नव्हतं, साहेब नव्हता (काय सुखाचा काळ!), तेव्हा कुठल्याशा झऱ्यात पडलेलं पान आज आमच्या तिखटमिठाच्या डब्यापाशी येऊन बसलं. रुपालीही त्यावर बोट फिरवत राह्यली. "लय सुंदर आहे हो," म्हणाली. लग्नानंतर माझी निवड तिले पहिल्यांदाच आवडली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील, पंजाबराव मामाजी, बाभुळगावहून ओटा पाहाले येणार होते. ग्रॅनाइटचा सल्ला त्याहीचाच होता. अन् सकाळी मी कापलेलं लिंबू ओट्यावर विसरलो. उचललं, त खाली फिक्कट गोल डाग! घाबरून फरशीचं ॲसिड आणलं अन् ओतलं.

दगड फस्सकन उकळला. पुसायचं सोडून मी पाहतच राह्यलो. हजारो वर्षं कोंडलेला वायू माझ्या डोळ्यासमोर सुटून राह्यलता!

"अहो, काय करून राह्यले?" रुपाली धावत आली. फेस बसला तेव्हा पान वाचलं होतं, पण शेजारी वाटीएवढा खड्डा. तिच्या डोळ्यात पाणी आलं. "बाबा निघाले घरून. आता काय दाखवू त्याहीले?"

मी दुकानदाराले फोन लावला. "त्याच दगडाची भुकटी गोंदात कालवून भरा," तो म्हणाला. "पण भुकटी मागवाले महिना लागन."

"तोच दगड म्हणजे, गरम पाण्यातला चुनाच ना?" रुपालीनं डोळे पुसले, न्हाणीत गेली अन् डबा घेऊन आली. कांडीवरून खरवडलेला सगळा खर त्यात! भांडे घासाले जपून ठेवलता. खलबत्त्यात कुटला, गोंदात कालवला, खड्डा भरला, वाळल्यावर पॉलिशपेपरनं घासला. मी आपला बाजूले उभा राहून हजारो वर्षांबद्दल सांगत होतो.

मामाजी आले. "जय भीम, जावईबापू," म्हणत थेट ओट्यापाशी गेले. पानावरून हात फिरवला, पुढं सरकले अन् बरोबर त्या ठिगळावर थांबले.

बराच वेळ त्याहीनं ती जागा चाचपली.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "एवढा तुकडा अस्सल आहे. बाकीच्यात त्या दुकानदारानं तुमाले फसवलं."