हॅरल्ड बोटीवर, कपडे मशीनमध्ये

"तू मशीन लावलंस?" थेल्मा स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"लावलं की. म्हटलं, पाहुणीनं तेवढाच हातभार लावावा," ग्लोरिया म्हणाली. ही थेल्माची नणंद, कालच लीड्सहून हल शहर बघायला आलेली.

"अगं, हॅरल्ड आज बोटीवर जाणार ना! माणूस पाण्यावर निघाला त्या दिवशी घरात त्याचे कपडे धुतले, की तोही धुऊन जातो!"

थेल्माच्या माहेरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीच्या बोटींवर गेले होते. तिच्या नवऱ्यानं, हॅरल्डनं, मात्र जन्मभर बस चालवली होती. आजची बोटही हम्बर नदीत एक चक्कर मारून चहाच्या वेळेला परत येणारी, आणि पुढचं बाक मिळावं म्हणून तो लवकरच एकटा निघून गेला होता. पण समुद्राला हे कोण समजावणार? थेल्मा हॅरल्डवर दिवसभर करवादत असे, आणि तो गेला तर करवादायला तिला दुसरं होतं कोण?

तिनं मशीनचं दार ओढलं. उघडेना. तिनं प्लग उपटला. मशीन थांबलं, पाणी तसंच राहिलं.

"अगं बाई, आता तर कपडे बुडालेच!" असं ओरडून तिनं घाईघाईनं प्लग परत लावला आणि ग्लोरियाला ओढत धक्का गाठला.

दोर सोडणं चाललं होतं. हॅरल्ड पुढच्या बाकावर ऐटीत बसला होता. वाऱ्यात थेल्माची हाक काही त्याच्यापर्यंत पोचेना.

"हात हलव ना!" ग्लोरिया म्हणाली.

"निघालेल्या माणसाला हात करायचा नसतो! लाट घेऊन जाते त्याला!"

"मग मी करते." ग्लोरियानं हात वर केला. थेल्मा त्या हाताला लोंबकळली. धक्क्याच्या कडेवर दोघींची झटापट सुरू झाली.

"साहेब, त्या बायका भांडतायत वाटतं," बोटवाला म्हणाला.

"एक बायको, एक बहीण. लग्नापासून चाललंय," असं म्हणून हॅरल्डनं खुशीत दोघींना हात हलवला.

"नको!" म्हणून थेल्मानं दोन्ही हात वर फेकले. ग्लोरियाचा हात अर्थातच सुटला. ग्लोरिया धक्क्यावर बसली आणि थेल्मा पाण्यात.

बोटवाल्यानं लांब काठीच्या आकड्यानं तिची कॉलर पकडली, हॅरल्डनं तिला वर ओढलं.

"यायचं होतं तर तिकीट काढायचंस," तो म्हणाला. आणि अंगातला कोट काढून त्यानं तिच्याभोवती गुंडाळला.

"तू... तू कोरडा आहेस ना?" थेल्मानं त्याला चाचपून पाहिलं.

धक्क्यावरून ग्लोरिया म्हणाली, "वेडाबाई, मशीनमध्ये हॅरल्डचं एकही कापड नव्हतं! त्याच्या मोज्यांना मी लहानपणापासून हात लावत नाही. तुझेच झगे टाकले होते."

थेल्माच्या केसांतून पाणी गळत होतं, पण चेहरा उजळला. "माझेच? मग खरं निघालं की नाही?"

ग्लोरिया हसायला लागली आणि मधेच थांबली. मग हळूच उठून ती धक्क्याच्या कडेपासून चांगली लांब सरकली.

"आता तुला काय झालं?" हॅरल्डनं विचारलं.

"माझाही एक ब्लाउज आहे त्यात."