उदारामजींची छत्री

उदारामजी गेल्यापासून धनवंताबाई संध्याकाळी जेवतच नव्हत्या. नवरा-बायको रोज टीव्हीवरचं भजन बघत ताटावर बसायचे. आता टीव्हीत नुसत्या मुंग्या. बांबूवरचा काड्यांचा अँटेना पार गंजला होता. माय वाळत चाललेली पाहून हीरालालचा जीव तुटायचा. शेवटी धानाची कापणी अर्धी टाकून तो गोंदियाला गेला.

"नया अँटेना लेके क्या करोगे?" दुकानदार भैयाजी म्हणाले. "जमाना डिजिटल का है. डिशवाली छत्री ले जाओ. तस्वीर एकदम काच जैसी."

हीरालालने दुकानातूनच घरी फोन लावला. "माय, अँटेना नाही घेत. छत्री आणून राहिलो."



"तुले कोण सांगतलन?" धनवंताबाईंनी पलीकडून विचारलं. "आज पहाटेच तुहे बाबूजी सपनात आले. म्हणे, माही छत्री काऊन नाही देली?"

हीरालालला एकदम आठवलं. तेरवीला महाराजांना जोडे, गादी, तांब्या सगळं दान दिलं होतं. वर जाणाऱ्याला वाटेत ऊन लागू नये म्हणून द्यायची ती छत्री मात्र गडबडीत राहून गेली होती.

"थे छत्री वेगळी, माय. हे टीव्हीची आहे."

"त्यायनं टीव्हीची मांगली का पावसाची, हे मीनं नाही पुसलं."

दुपारी मिस्त्रीने छतावर छत्री बसवली. चित्र लख्ख आलं. दिवेलागणीला भजन लागलं, धनवंताबाईंनी पहिला घास उचलला आणि पडदा काळा झाला. हीरालाल छतावर धावला. छत्रीचं तोंड वैनगंगेच्या घाटाकडे वळलं होतं. तिथेच उदारामजींना शेवटचं पोचवलं होतं. वारा नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं.

"माकडं असतील," त्याची बायको योगेश्वरी म्हणाली. पण ती काही छतावर आली नाही.

हीरालालने नट आवळले, वरून तार बांधली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. घास हातात, पडदा काळा, छत्री घाटाकडे. तार मात्र बांधली तशीच होती. आता त्याची पाचावर धारण बसली. सकाळी उठून त्याने लाकडी मुठीची चांगली काळी छत्री आणली, महाराजांना बोलावून त्यांच्या हातात दिली आणि वर बघून हात जोडले.

"बाबूजी, चुकलो. मायले जेवू द्या."

त्या संध्याकाळी छतावरची छत्री तसूभरही हलली नाही. भजन संपेपर्यंत धनवंताबाई पोटभर जेवल्या, भात दुसऱ्यांदा मागून घेतला. हीरालालच्या डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी त्या चुलीपुढे शांत बसल्या होत्या.

"पहाटे आले होते," त्या म्हणाल्या.

"खूश आहेत ना?"

"हो. म्हणे, छत्री भेटली. चित्र लय साफ दिसते."

हसावं की पळावं हे हीरालालला कळेना. "आन?"

"रिमोट काऊन नाही देला, म्हणे."

हीरालालने आत पाहिलं. योगेश्वरी सकाळपासून उशा उचलून रिमोटच शोधत होती.