कांबळे सिस्टरांची गळकी गाडी

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले त्याच आठवड्यातली गोष्ट. राजारामपुरीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गॅलरीतून मी खाली पाहिलं, तर अंगणात साठीच्या एक बाई गाडीचं बॉनेट उघडून इंजिनाला पावडर लावत होत्या. अंगाला लावायची, वासाची पावडर. पफ बुडवून, नवरीच्या गालाला लावावी तशी हलक्या हातानं. मी घाबरून नवऱ्याला हाक मारली. पेपरातून डोकं न काढता तो म्हणाला, "कांबळे सिस्टर. आपल्या घरमालकीण. सवय होईल."

सवय व्हायला वर्ष लागलं.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डातून रिटायर झालेल्या स्टाफ नर्स. उंच, काटकुळ्या, कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, आणि आवाज असा की कोपऱ्यावरचा झोपलेला रिक्षावाला उठून बसावा. रिटायर झाल्यावर त्या ड्रायव्हिंग शिकल्या आणि एक जुनी निळी गाडी घेतली, मीटरवर दीड लाख किलोमीटर पडलेली. "मी चालवतो, मीच बघतो," असं म्हणायच्या. कोल्हापुरात बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्यांदा दाराबाहेरून "आत येतो गं!" ऐकलं, तेव्हा मी घाईघाईनं पदर सावरून बसले होते.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "आधी पुसून घे, मग बोल." जिन्यातल्या चिखलाला तेच, शेजारणींच्या भांडणाला तेच. एकदा माहेरच्या आठवणीनं मी डोळे भरून खाली गेले, तर बोलायच्या आधी त्यांनी फडकं पुढे केलं. ते गाडीचं होतं. संध्याकाळपर्यंत माझ्या गालावर ऑइल होतं आणि कुणी सांगितलंही नाही.

तर ती पावडर. गाडी बरेच दिवस ऑइल गाळत होती. रोज सकाळी फरशीवर काळा डाग. उद्यमनगरातल्या दस्तगीर मिस्त्रींनी इंजिनाच्या झाकणाचं पॅकिंग बदलून पाहिलं, डाग काही जाईना. शेवटी ते म्हणाले, "जुनं इंजिन हाय सिस्टर. म्हातारपणी थोडं गळायचंच."

"म्हातारी मीबी हाय," सिस्टर म्हणाल्या. "मी गळतो का?"

मग त्यांनी इंजिन रॉकेलनं लख्ख पुसलं, पावडर मारली, दहा मिनिटं गाडी चालू ठेवली आणि गॅलरीकडे बघून ओरडल्या, "वरची नवी सून का तू? डोळं चांगलं हायत न्हवं? ये खाली!"

मी गेले. पांढऱ्या पावडरीत एका बाजूनं काळी ओली रेघ उतरली होती. इंजिनाच्या माथ्यावर कॅमशाफ्ट नावाचा दांडा दातेरी पट्ट्यानं फिरतो. तो जिथं बाहेर डोकावतो तिथं ऑइल अडवायला रबराची गोल कडी असते, तिला सील म्हणतात. रेघ बरोबर तिथून निघाली होती.

"हितनं ब्लीडिंग हाय," सिस्टर म्हणाल्या. "आन् ते ऑइल पट्ट्यावर पडतंय. पट्टा सटकला की गाडी रस्त्यात उभी. ते मला चालायचं न्हाय. दर बुधवारी गाडी पायजेच." मग माझ्या हाताकडे बघून, "नेलपॉलिश घे आन् चल."

मला वाटलं हळदीकुंकू असेल. मी साडी बदलून आले.

नेलपॉलिशचे लाल ठिपके लागले गॅरेजमध्ये, पट्ट्याच्या चाकाच्या आणि इंजिनाच्या खुणांवर. पट्टा परत चढवताना दात चुकू नयेत म्हणून. दस्तगीर मिस्त्रींनी जुनं सील उचकटायला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, तेवढ्यात सिस्टरांनी त्यांचं मनगट पकडलं. "दांड्यावर ओरखडा गेला तर नवं सीलबी गळंल!" पर्समधून चिकटपट्टी काढून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला गुंडाळली, आणि मिस्त्रींना कोपरापर्यंत साबणानं हात धुवायला लावले. मिस्त्रींनी मुकाट्यानं धुतले.

"माझी तिन्ही पोरं ह्यांच्या हातावर जन्मल्यात," ते माझ्या कानाशी म्हणाले. "काय बोलणार?"

आठ दिवसांनी फरशीवर पुन्हा डाग. मिस्त्री म्हणाले, सीलच खराब निघालं.

"सील बिचारं काय करंल? आत कोंडलं की कुठनं तरी फुटणारच." सिस्टरांनी इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी सोडवायला लावली. आत काजळीचा घट्ट बोळा! नळी साफ झाली, सील पुन्हा नवं बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली अंथरलेला कागद कोरा होता. सिस्टर कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग घरात जाऊन माझ्यासाठी वाटीभर भडंग घेऊन आल्या.

पुढच्या बुधवारी त्यांनी मला बरोबर घेतलं. गाडी थांबली ती सरकारी दवाखान्याच्या दारात. वॉर्डातली मावशी एका किडकिडीत पोरीला हाताला धरून घेऊन आली. मागून तिची आई, कुशीत पोरीचं चार दिवसांचं बाळ. सिस्टरांनी मागच्या सीटवर उशी लावली, पोरीला टेकवून बसवलं आणि गाडी तीसच्या वेगानं निघाली. प्रत्येक खड्ड्यापाशी जवळजवळ थांबत.

"ओळखीच्या आहेत?" मी हळूच विचारलं.

"आत्ता झाली की वळख." जरा वेळानं त्याच बोलल्या, "टाकं वलं असताना यष्टीत उभ्यानं जात्यात गं पोरी. बत्तीस वर्षं मी त्यास्नी 'जपून जा' म्हणून सांगायचो. कशातनं जाणार, ते कधी इचारलंच न्हाय."

हातकणंगल्याच्या पुढं एका वस्तीवर पोरगी उतरली. तिची आई सिस्टरांचा हात सोडेना. "च्या घेतल्याबिगर जायचं न्हाय, बाई."

"नको, नको. घरी वाट बघत्यात," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. आईला जाऊनही सहा वर्षं झाली होती.

येताना रस्ता मोकळा होता, मागची सीट रिकामी होती, तरी गाडी तीसच्या वरती जाईना.

"सिस्टर, अजून काही बिघडलंय का?"

"न्हाय की. इंजिन झ्याक हाय." त्यांनी नजर रस्त्यावरून काढली नाही. "लवकर जाऊन काय करायचं हाय घरात?"

मी म्हटलं, "मग रंकाळ्याला जाऊ या."

"पेट्रोल तुझा नवरा घालणार हाय व्हय?" त्या खेकसल्या.

राजारामपुरीकडे वळायचा चौक आला. सिस्टर वळल्या नाहीत. गाडी सरळ रंकाळ्याच्या दिशेनं निघाली.