वन्संच्या काचा

आमच्या वन्सं आकाशातलं शिकलेल्या, आणि दिवेलागण झाली की झोपायच्या. हैदराबादेहून रजेवर आल्या की आमचं अर्धं नरसी गाव अंगणात जमायचं, आता बाई चांदण्या दाखवणार म्हणून. बाई आत घोरत असायच्या. गूळ-शेंगदाणे हातावर ठेवून कितीदा लोकांना वाटेला लावलं ते माझं मला माहीत. सकाळी विचारलं तर म्हणायच्या, "वहिनी, तिथं दुर्बिणीपाशी रोज जागते. इथंबी जागू काय? मी रजेवर हाय."

वन्सं म्हणजे माझी नणंद, अनसूया. सासऱ्यांनी गावाची बोलणी खाऊन त्यांना हैदराबादेत मामाकडं ठेवलं आणि शिकवलं. निजामाचं राज्य, त्यामुळं गणितसुद्धा उर्दूत शिकल्या. बेरीज करताना उर्दूत पुटपुटायला लागल्या की घरात तहसीलदार येऊन बसल्यासारखं वाटायचं. पुढं तिथल्याच एका वेधशाळेत नोकरीला लागल्या. काम काय, तर आपली जशी आकाशगंगा, तशा परक्या आकाशगंगा धुंडायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "आपली एक पुरंना व्हय?"

"पुरती ना," त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "पण तीच एक न्हाई, त्याला मी काय करू?"

कुणी काही सांगितलं आणि वन्संनी मुकाट ऐकून घेतलं, असं कधी झालं नाही. म्हैस आटली, कुणाची तरी नजर लागली, असं सासूबाईंनी म्हणायचा अवकाश, यांचं तयारच, "कशावरून?" एकदा एक पाहुणी लेकराकडं बघून म्हणाली, अगदी बापावर गेलंय. वन्संनी तिलाही विचारलं, "कशावरून?" लेकराची आई लाल झाली, बाप दारातून बाहेर गेला, आणि मी चहा टाकायला पळाले. खोटं तर बाईच्या तोंडातून निघायचंच नाही. पुसेगावच्या आत्याबाईंनी मोठ्या हौसेनं पुरण कसं झालंय म्हणून विचारलं, तर सगळ्या पंगतीदेखत "कच्चं" म्हणून मोकळ्या. पुढं कितीतरी दिवस आत्याबाईंनी आमच्या घराकडं पाय वळवला नाही.

वन्संचं आकाश लाकडी पेटीतून यायचं. पेटीत काचा. काचेला फोटोचा मसाला लावून ती दुर्बिणीला बसवायची, की आकाश तिच्यावर उतरतं. तेही उलटं, आभाळ पांढरं आणि चांदण्या काळ्या. दुपारी आपल्या खोलीच्या खिडकीशी एकेक काच धरून वन्सं भिंगातून बघत बसायच्या. मला तर माशा बसून गेल्यासारखे ठिपके दिसायचे. पण त्या ठिपक्यांत त्यांचा जीव गुंतलेला, एवढं कळायचं.

सासूबाई मात्र त्या खोलीत पाऊल टाकत नसत. या काचांपायीच लेकीचं लग्न राहिलं, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. अनसू आली की जेव म्हणायच्या, डोक्याला तेल घालायच्या. पण बाई गं, तू तिथं करतीस काय, असं एका शब्दानं विचारलं नाही. वन्संनीही सांगितलं नाही.

त्या साली भाद्रपदात वन्सं आल्या त्या उड्या मारतच. कुठल्याशा परक्या आकाशगंगेत एक तारा एकाएकी पेटला होता आणि विझलाही होता. तो नेमका वन्संच्या एका काचेवर सापडला. दुसऱ्या कुणाकडं तो नव्हता. "आता इथं निवांत त्याचा उजेड मोजते, वहिनी. आजवर दुसऱ्यांच्या काचा मोजून राहिले. हे माझ्या नावानं छापून येईल. मग दुर्बिणीवर मलाबी माझी पाळी मिळंल, दुसऱ्यांच्या पाळीत जागायला नको." एवढ्या वर्षांत वन्संना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातली चिंधीन् चिंधी, भांडंन् भांडं बाहेर काढायचं आणि धुवायचं. त्या दिवशी वन्सं आमच्या ह्यांच्यासंगं बैलगाडीनं हिंगोलीला गेलेल्या. मी गोधड्या घेऊन कयाधू नदीवर. परत येऊन बघते तर अंगणात भिंतीला टेकून काचा ऊन खात उभ्या. लखलखीत. आरपार भिंत दिसत होती.

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "अनसूच्या काचांवर किती घाण बसली व्हती गं. राखेनं घासलं तर निघंना. मग कढत पाण्यात भिजवल्या, तवा कुठं निघाली. समद्या घराचा दसरा निघाला, माझ्या लेकीचंच काहून ऱ्हावं?"

मी एक काच उन्हाला धरून बघितली, ठिपका म्हणून उरला नव्हता. तेवढ्यात गाडी आलीच.

वन्सं उतरल्या. काचांकडं बघितलं आणि तोंड पांढरंफटक पडलं. सासूबाई समोर उभ्या, शाबासकीची वाट बघत. "बघ, हाय का एक तरी डाग?"

आता ही बाई काय बोलते म्हणून मी डोळेच मिटले.

"न्हाई माय," वन्सं म्हणाल्या. "मला धुवायच्याच व्हत्या. तू काहून तकलीफ घेतली?" आणि आईचे राखेनं सोललेले हात हातात घेऊन ओसरीवर बसल्या. सासूबाई संध्याकाळपर्यंत खुशीत होत्या. शेजारणीला हाक मारून काचा दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर आम्ही दोघीच होतो. मला राहवलं नाही. "वन्सं, खरं सांगायचं व्हतं मायला. तुमचा तारा गेला."

"गेला," त्या म्हणाल्या. "तो काही आता परत दिसत न्हाई. दुसरा कधी दिसंल, न दिसंल." घागरीचा दोर हातात तसाच राहिला. "पण वहिनी, इतक्या वर्षांत माय पहिल्यांदा त्या खोलीत आली. पहिल्यांदा माझ्या कामाला हात लावला तिनं. तिला कसं सांगू?"

आणि रडायला लागल्या. मलाही आवरेना. विहिरीच्या काठावर बसून दोघी पोटभर रडलो.

मग नाक पुसून वन्सं म्हणाल्या, "घासल्या मात्र बराबर."